केनवडची पोतारलेली भिंत

काम करत असलेल्या माणसाच्या पाठीमागे बसून त्याच्याकडे टक लावून बघत राहणं हा काही सभ्यपणा नव्हे. मी भाकरी थापत असताना कुणी असं माझ्यामागे येऊन बसलं, तर उलथनं दाखवून त्याला उठवीन. आणि तरी आयुष्यातली पुष्कळ वर्षं मी स्वतः हाच उद्योग केला. चित्रं काढणारे, मूर्ती घडवणारे, नाटकांचे पडदे रंगवणारे अशांच्या घरी जायचं, ते काम कसं करतात ते बघायचं, नको नको ते प्रश्न विचारायचे आणि घरी येऊन ते सगळं एका मासिकासाठी लिहून काढायचं. त्यांतल्या एकानेही मला दार दाखवलं नाही. बसायला पाट दिला, चहा दिला, जेवल्याशिवाय सोडलं नाही. तेव्हा मला हे आपल्या लेखणीचं वजन वाटे. तो त्या लोकांचा भलेपणा होता, हे कळायला केस पिकावे लागले. त्या सगळ्यांत केनवडच्या एका घराचं माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे. ते सांगायचं इतकी वर्षं राहून गेलं. का राहिलं, ते ओघात येईलच.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीपासून मी वाशीमला मुलींच्या शाळेत शिकवत होते. पुण्याच्या एका मासिकात माझं काहीबाही छापून आलं होतं. त्याच्या संपादकांनी कळवलं, की आजचे चित्रकार आणि शिल्पकार कसे राहतात, कसे काम करतात, यावर आपल्याकडे कुणी लिहीत नाही. तुमच्या वऱ्हाडात असे कुणी असतील तर बघा. मी लगेच पदर खोचला. आमच्या घरी ‘बायको लिहिते’ हे सांधेदुखीसारखं मान्य झालेलं होतं. बरं होणार नाही, पण त्याने कुणी मरतही नाही, असं माझे यजमान म्हणत.

माझे सुरुवातीचे लेख मात्र वाचण्यासारखे नव्हते. कलावंत पहाटे उठतो, पूर्वेकडे तोंड करून बसतो, त्याच्या नजरेत एक निराळीच लाली असते. लाली कसली! त्या गृहस्थांचे डोळे आले होते. त्यांनी मला तसं सांगितलंही होतं, पण मला ती लाली सोडवेना. कलावंत म्हटला की तो आपल्यासारखा नसावा, अशी माझी हट्टाची समजूत होती, आणि हट्टात मी माझ्या आईवर गेले आहे.

केनवडचा चित्रकार मला माहीत झाला तो आमच्या शाळेच्या संमेलनात. तिशीच्या आतला, सडसडीत, मुंबईच्या चित्रकलेच्या शाळेत शिकून आलेला आणि वडील गेल्यावर गावी परतलेला. मुलींच्या नाटकासाठी त्याने अरण्याचा पडदा रंगवून दिला आणि त्यातली झाडं निळी केली. मुख्याध्यापिकाबाई संतापल्या. मी बाजूला उभी राहून वाट बघत होते, की आता हा मुंबईहून आणलेलं काहीतरी तत्त्वज्ञान ऐकवणार. तो म्हणाला, “हिरवा संपला होता, बाई. निळ्यावर भागवलं. पन आता पाहून राह्यलो, तर निळीच बरी दिसून राह्यली.” मला तो माणूस तिथेच आवडला. घरी येऊन मी जाहीर केलं, की यापुढचा लेख याच्यावर.

पण लेख लगेच काही झाला नाही. लढाईने सगळंच दुर्मीळ करून टाकलं. विलायती रंगांच्या नळ्या येईनाशा झाल्या, आणि अंगावरच्या कापडाची मारामार असताना चित्राला कापड कोण देणार? त्याने मग घरातली भिंत धरली. गेरू, पिवळी माती, काजळी, नीळ, आणि रंग घट्ट बसायला बाभळीचा डिंक. वाशीमच्या बाजाराला आला की शाळेत डोकावून सांगे, “बाई, भिंत चालू हाये.” काही महिन्यांनी विचारावं तर पुन्हा तेच, भिंत चालू हाये. मला वाटे, हा भिंत रंगवतो आहे की बांधतो आहे!

एका हिवाळ्यात, कापसाची वेचणी आटोपल्यावर, तो येऊन म्हणाला, “आता या पाहाले.” माझे यजमान मोजणी खात्यात होते आणि त्यांची फिरती त्याच आठवड्यात रिसोडच्या बाजूला निघाली होती. त्यांनी मला सकाळी बैलांच्या दमणीतून केनवडच्या वेशीशी उतरवलं, संध्याकाळी घ्यायला येतो म्हणाले, आणि वर, “त्या बिचाऱ्याला थोडं बोलू दे,” असा सल्ला देऊन बैल पुढे हाकले.

चित्रकार वेशीशी उभाच होता. रात्री वावरात जागलीला गेला होता, पिकाची राखण करून घरी न जाता तसाच मला घ्यायला आलेला. डोक्यावरच्या मफलरला कडब्याची कुसळं लागली होती. त्याने माझी पिशवी घेतली आणि चार पावलं चालल्यावर म्हणाला, “झालं, बाई.”

“काय झालं?”

“चित्र झालं. इतक्या वर्षांत माह्यं एकही झालं नव्हतं. हे पह्यलं.”

मी म्हटलं, “मग इतके महिने काय करत होतात?”

“काढत होतो आन् मिटवत होतो,” तो म्हणाला, आणि चालता चालता त्याने मला ती सगळी रीत सांगितली. चित्र होतं कापूस वेचणाऱ्या बायांचं. पहिल्या खेपेस त्याने मुंबईला शिकवलं होतं तसं काढलं. अंगाला गोलाई, एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूने सावली. पुतळे कापूस वेचायला निघाल्यावानी दिसे, तो म्हणाला. रोज बघून बघून त्याला ते नकोसं झालं. मग तो भिंतीकडे पाठ करून जेवायला बसू लागला, पाठ करून झोपू लागला, आणि एक दिवस आईला म्हणाला, “माय, पोतार.”

आमच्याकडे जमीन शेणाने सारवतात आणि भिंती पांढऱ्या मातीने पोतारतात. ते घरातल्या बाईचं काम, आणि या घरात ते त्याच्या आईचं. तिने माती कालवली, फडक्याचा बोळा बुडवला आणि भिंत कोरी करून दिली. पुढच्या खेपेस त्याने सावल्या काढून टाकल्या, तर बाया कागद कापून डकवल्यासारख्या दिसू लागल्या. पुन्हा भिंतीकडे पाठ, पुन्हा “माय, पोतार.” असं किती वेळा झालं ते त्याच्याही ध्यानात नव्हतं. आईने एकदाही का म्हणून विचारलं नाही. ती म्हणायची, पोराची पाटी हाये, भरली का पुसाची.

मला ही रीत इतकी भावली, की मी चालता चालताच मनात वाक्यं जुळवू लागले. काढणारा मुलगा आणि पुसणारी आई! लेखाचा मथळासुद्धा ठरला. तेवढ्यात तो थांबला आणि म्हणाला, “घरी जायच्या आंधी एक गोठ सांगून ठेवतो.”

गोष्ट त्याच्या थोरल्या भावाची होती. वडील गेल्यापासून सगळं वावर त्या एकट्याच्या अंगावर होतं. निंदण, डवरणी, राखण, बाजार, सगळीकडे तोच. धाकटा जागलीला जाई, पण दिवसाचं त्याचं मन भिंतीत. “माहा भाऊ वाईट नाही, बाई. तो एवढंच म्हणे, मले त्यातलं काही समजत नाही. तू म्हनतं झालं, तर कोन्या जाणत्या मानसानं पाहून सांगावं, का हे काम हाये. मंग मी तुले वावरात बोलावनार नाही. आन् तसं नसन, तर हे सोड आन् उद्यापासून माह्यासंगं चाल.”

“आणि हा जाणता माणूस कोण?”

“तुमी न.”

मला एकदम पदर सावरावासा वाटला. मासिकात चार लेख लिहिणं निराळं आणि एका माणसाचं आयुष्य आपल्या होय-नाहीवर टांगलेलं असणं निराळं. मी विचारलं, “तुमच्या आईंना सांगितलंत, चित्र झालं म्हणून?”

“तिले कायले सांगाचं? ती रोज पाहतेच.”

घर धाब्याचं होतं, मातीच्या जाड भिंतींचं, नीटनेटकं. ओसरीत पाय ठेवला तेव्हा पहिल्यांदा ओल्या मातीचा वास आला. त्याची आई दारातच उभी होती. पन्नाशी उलटलेली, काटक, कोपरापर्यंतच्या हातांवर पांढरी माती वाळून तडकलेली. ती मला बघून मनापासून हसली.

“या न बाई, या. तुमच्यासाठी कालपासून लागली. पाहा कशी पांढरी फेक केली. अजून वली हाये, टेकू नोका बरं.”

समोरची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी होती. मला वाटलं, चित्राची भिंत दुसरी असेल, आतल्या खोलीत वगैरे. मी विचारायला मागे वळले आणि चित्रकाराचं तोंड दिसलं. मग विचारायचं काही उरलं नाही.

माझी पिशवी त्याने खुंटीला अडकवली, मागच्या अंगणात गेला आणि पायांवर पाणी घेत राहिला. इतके काही त्याचे पाय मळले नव्हते. इकडे त्याची आई मला कौतुकाने सांगत होती. “चार रोज झाले, भिंतीकडं पाठ करून बसून राह्यला होता. मले समजलं, हेही फसलं. म्हटलं, बाई शहरातून येऊन राह्यली, तिले फसलेलं कायले दाखवाचं? तो बोलाच्या आंधी आपनच करून ठिवू. काल तो जागलीले गेला, आन् मी माती कालवली.”

तिचं काय चुकलं होतं? मुलाने भिंतीकडे पाठ केली की चित्र फसलं, ही खूण त्यानेच तिला इतक्या दिवसांत शिकवली होती. झालेलं चित्र तिने कधी पाहिलंच नव्हतं. झाल्यावरही तो तसाच पाठ करून बसतो, हे तिला कुठून कळणार?

हे शहाणपण मात्र मला नंतर सुचलं. त्या घटकेला मी भयंकर चिडले. माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या घरी सगळेच म्हणतात, आणि ते खरं आहे. अहो, काय करून बसलात, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात तो पाय पुसत आत आला आणि म्हणाला, “माय, बाईले पानी दे न.” ती आत वळली तसा तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “तिले सांगू नका.”

“अहो, पण...”

“नका सांगू, बाई. झाल्यावर मले त्याच्याकडं पाहवे ना. पाहिलं का वाटे, अजून हात लावावा. म्हनून पाठ केली होती. चूक माहीच. तिले समजलं तर ती खाणार नाही, पिणार नाही.”

मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग बोटांवर मोजण्यासारखे आहेत, यजमानांना विचारा. पण मी तिथे आले होते त्या कामाचं काय? घरी आला की थोरला भाऊ मला विचारणार होता, आणि मला तर पांढरी भिंत दिसत होती. मी पेन्सिल काढली आणि हट्टाने म्हटलं, “ठीक आहे. काय होतं त्यात, ते मला सांगा. इथे उभे राहून सांगा.”

तो भिंतीपुढे उभा राहिला आणि बोट न टेकवता दाखवू लागला. आधी त्याला बोलवेना. इथं गेरू होता, इथं काजळी, असं रंगाऱ्यासारखं सांगत होता. मी मध्ये मध्ये टोचत राहिले. बाया किती मोठ्या? चेहरे होते का? आभाळ होतं का? हळूहळू त्याचा हात सैल झाला. बायांची एक रांग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या वाकलेल्या, पोटाशी कापसाची ओटी बांधलेल्या. चेहरे नव्हतेच, नुसत्या पाठी. सावली नाही, आभाळ नाही. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, झाडं अगदी थोड्या रेघांत. वाकलेली पाठ, मग वाकलेली पाठ, मग आणखी एक, अशी डोळ्यांनी चालत जायचं, आणि अगदी शेवटी एक बाई सरळ उभी. कंबरेवर हात ठेवून, पाठ मोडून आल्यावर बाया उभ्या राहतात तशी. तिला तेवढा चेहरा. ती बघते आहे आपल्याकडे.

“तिच्यासाठी इतक्या खेपा लागल्या,” तो म्हणाला. “ती उभी राहेच ना.”

त्याची आई पाण्याचा तांब्या घेऊन केव्हा आली होती ते मला कळलं नाही. ती म्हणाली, “ते कंबरेवर हातवालीचं सांगून राह्यला काय? मले इचारा तिचं.”

आणि नेमका त्याच वेळी, कालपासून वावरातच असलेला थोरला भाऊ घरी आला. दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला, धाकट्याहून बराच मोठा दिसणारा. त्याने दारात वहाणा काढल्या, मला रामराम केला, आणि भिंत बघून तो तसाच उभा राहिला.

“हे काय, माय?”

“पोतारली. पाहुणे येऊन राह्यले न.”

त्याने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने मान अगदी थोडी हलवली, बोलू नको अशी. थोरला खाली बसला. पण तो सरळ माणूस होता, मनातलं त्याच्याच्याने ठेववेना. “मंग बाईनं पाह्यलं काय?” तो म्हणाला. “मी तर म्हटलं होतं, बाई पाहून सांगतीन.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. धाकट्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या ओसरीत माझ्या तोंडाकडे बघत होतं आणि मला खोटंही बोलवेना आणि खरंही. चित्र उत्तम होतं म्हणावं, तर ते झालेलं होतं हे आईला कळणार. मी पाहिलंच नाही म्हणावं, तर उद्यापासून हा वावरात डवऱ्यामागे.

बोलली ती आई. ती मला सांगत होती, कारण तिच्या दृष्टीने गोष्ट त्या उभ्या बाईची चालली होती. “आंधीचे पुसाले मले काही वाटलं नाही, बाई. हात फिरवला का गेलं. काल मी या टोकाकून सुरू केलं, वाकलेल्या बाया भराभर गेल्या. आन् त्या शेवटच्या बाईपाशी आली, तं हात थांबला. ती मले पाहून राह्यली. म्हटलं, हिच्या तोंडावर माती कशी टाकू? मी चुलीजवळ जाऊन बसली. परत आली, तं ती तशीच. मंग मी तिले म्हटलं, बाई, सरक वं थोडी, घरी पाहुणे येऊन राह्यले. आन् डोये मिटून हात फिरवला.”

ती हसली. आम्ही कुणी हसलो नाही. थोरला भाऊ त्या कोऱ्या भिंतीच्या शेवटच्या टोकाकडे बघत होता. रोज तो त्या बाईसमोर बसून जेवला होता. मला त्यातलं समजत नाही, असं म्हणत जेवला होता. आता त्याची नजर तिथून हलेना. मी तोवर चित्रांवर पुष्कळ मोठमोठे शब्द लिहिले होते, पण कुणी एखाद्या चित्राला असा मान दिल्याचं ऐकलं नव्हतं, की पुसण्याआधी त्याला सरकायला सांगावं. चित्र मी पाहिलं नाही, पण ते कसं होतं याविषयी मला तेव्हापासून आजपर्यंत शंका आलेली नाही.

मग आईचं हसू ओसरलं. तिने आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. आमची तोंडं काही लपवण्यासारखी राहिली नव्हती. तिने तांब्या खाली ठेवला आणि धाकट्याला विचारलं, “झालं होतं काय रे ते?”

“नाही, माय,” तो म्हणाला. “थोडं राह्यलं होतं.”

“खरं सांग.”

“खरंच. थोडं राह्यलं होतं.”

तिचा विश्वास बसला नाही. ती थोरल्याकडे वळली. तो मुलगा कधी खोटं बोलत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि मला त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की चित्र झालं हे धाकट्याने त्याला केव्हाच सांगितलेलं आहे. पायाच्या अंगठ्याकडे बघत तो म्हणाला, “हो, माय. राह्यलं होतं. मले सांगे वावरात.” आणि मग धाकट्याकडे न बघता, “करू दे त्याले पुरं. वावराचं मी पायतो.”

“किती दिवस?” आईने विचारलं.

“त्याले लागतीन तितके.”

धाकटा उठून मागच्या अंगणात गेला. दुसऱ्यांदा पाय धुवायला, असं त्याच्या आईला वाटलं असेल. ती म्हणाली, “असं होतं तं आंधीच सांगाचं न. उद्या वाळते भिंत.” आणि ती ताटं करायला गेली. तुरीच्या सोल्यांची भाजी होती, भाकरी होत्या, आणि त्या टंचाईच्या दिवसांत माझ्यासाठी गुळाचा शिरा केलेला होता. मला घास उतरेना आणि ती वाढायची थांबेना. कसल्या तिखटाने डोळ्यांना पाणी आलं आहे, असं मी तिला सांगितलं. तिखट कमीच होतं.

आता लेखाचं सांगते. घरी येऊन मी तीन वेळा लिहिला आणि तीन वेळा फाडला. खरं लिहावं तर सगळं लिहायला हवं. झालेलं चित्र, पोतारलेली भिंत, ओसरीतलं ते बोलणं. वाचणाऱ्यांना ते फार आवडलं असतं, संपादकांनी पाठ थोपटली असती. पण मासिक केनवडला जाणार होतं आणि त्या घरात ते मोठ्याने वाचलं जाणार होतं. शेवटी मी त्याच्या रंगांविषयी लिहिलं, काढण्याच्या आणि पुसण्याच्या रीतीविषयी लिहिलं, आईच्या हाताविषयी लिहिलं, आणि खाली स्वच्छ लिहून टाकलं, की कापूस वेचणाऱ्या स्त्रियांचं हे चित्र मी गेले तेव्हा अपुरं होतं. संपादकांनी कुरकुर केली, की अपुऱ्या चित्रावर एवढा लेख कशाला, पण छापला. ती माउली आता या जगात नाही, म्हणून मी हे आज लिहू शकते. चित्रकाराचं पुढे चांगलं चाललं. लढाई संपल्यावर कॅनव्हास मिळू लागला, त्याची चित्रं मोठ्या शहरांत लागली, आणि भावाने त्याला पुन्हा कधी वावरात बोलावलं नाही.

लेख छापून आल्यानंतर काही दिवसांनी थोरला भाऊ मला वाशीमच्या बाजारात भेटला. हरभऱ्याची गाडी सोडून मुद्दाम माझ्याकडे आला. गर्दीतच हात जोडून म्हणाला, “बाई, तुमचे लय उपकार झाले.” मला वाटलं, भावाचं नाव छापून आलं म्हणून म्हणत असेल. मी संकोचून काहीतरी पुटपुटले.

“तसं नाही,” तो म्हणाला. “तुमी आल्या होत्या न, त्या दिसापासून माय भिंतीकडं पाठ करून जेवे. आमी दोघंही सांगो, चित्र राह्यलंच होतं, तरी तिले पटे ना. परवा धाकट्यानं तुमचं वाचून दाखवलं. ती म्हणे, ते अपुरं होतं तेवढं पुन्हा वाच. त्यानं पुन्हा वाचलं. मंग तिनं आपलं ताट उचललं, आन् भिंतीकडं तोंड करून बसली.”